बिनपायाच्यांसाठी पळीभर पाणी

अख्ख्या वऱ्हाडात समुद्राची काळजी वाहणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. आमच्याकडे लोकांना काळज्या नसतात असं नाही. कापसाच्या भावाची असते, पोराच्या नोकरीची असते, पोरीच्या लग्नाची असते, आणि उन्हाळ्यात नळ कधी येणार याची तर इतकी असते की बाकीच्या सगळ्या काळज्या तिच्यात बुडून जातात. पण त्याच उन्हाळ्यात, अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका बोळीत, अंगणातल्या कोरड्या ठणठणीत टाकीच्या काठावर बसून ‘मेक्सिकोकडच्या त्या बारक्या पॉरपॉइजचं कसं होईन हो वकीलसाहेब?’ असं, म्हणजे डॉल्फिनच्या भावकीतल्या कुठल्या जलचराबद्दल, विचारणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. समुद्र अकोल्याहून इतका लांब की आमच्यातल्या अर्ध्या लोकांनी तो फक्त कॅलेंडरवर पाहिला आहे. व्याह्यांचं मात्र घरचं काही अडावं तसं रोज समुद्रावाचून अडतं.

त्यांचं नाव सांगत नाही. व्याह्याचं नाव चारचौघांत घेतलं की आमची ही डोळे वटारते. धंद्यानं ते गुरुजी. सत्यनारायण, वास्तू, लग्न, मुंज, श्राद्ध, जे म्हणाल ते. अंगानं काडी, आवाजानं नगारा, आणि कनवटीला, दुसऱ्या कोणाची तंबाखूची चंची असावी तसा, दम्याचा पंप. मी अमरावतीला वकिली करतो आणि मुळातच चिडका माणूस आहे. कोर्टात चिडायचे पैसे मिळतात, घरी फुकट चिडतो. पण या गृहस्थांवर चिडलो तितका मी कोणावर चिडलो नाही, आणि महिनाभर त्यांची गाठ पडली नाही तर मला करमतही नाही. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढे गैरसमज नको.

लेकीच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही अकोल्याला गेलो ते मी पूर्ण तयारीनिशी. समोरचा काय मागेल, त्यावर आपण काय म्हणायचं, कुठे ताणायचं, कुठे सोडायचं, सगळा युक्तिवाद पाठ. पोहे झाले, चहा झाला, आणि मी घसा खाकरून विचारलं, ‘तर मग गुरुजी, आपल्या काही अपेक्षा?’ त्यांनी उपरणं सारखं केलं, पंपाचा एक झुरका घेतला आणि म्हणाले, ‘एकच हाय. रुखवतात थर्माकोल नको.’ मला वाटलं, यात काही डाव आहे. मी म्हटलं, ‘म्हणजे?’ ते म्हणाले, ‘तुमच्या पोरीच्या रुखवतातला थर्माकोलचा राजवाडा दुसऱ्या दिवशी कुठं जाते? उकिरड्यावर. पावसाळ्यात तिथून नाल्यात, नाल्यातून मोर्णेत. मोर्णा पूर्णेले मिळते, पूर्णा तापीले, अन् तापी सुरतेकडं समुद्राले. तिथं डॉल्फिन हाय. त्यानं तुमचा राजवाडा गिळला म्हंजे?’

माझा सगळा युक्तिवाद पोह्यांच्या बशीत राहिला. परतीच्या एसटीत बडनेरा येईस्तोवर आमची ही पदराची गाठ सोडत-बांधत राहिली. मग म्हणाली, ‘बयताड हाय का हो हा माणूस? माह्या बहिणीनं तं राजवाडा करून ठेवला. आत लाइटं बी लावले.’ थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, ‘पण पोरगा चांगला हाय.’ लग्न झालं, रुखवतात लाडू-करंज्यांच्या परड्या मांडल्या गेल्या, आणि तो थर्माकोलचा राजवाडा लाइटांसकट आजतागायत आमच्या माळ्यावर पडला आहे. तो कुठे टाकला असता समुद्रात जाणार नाही, याचं उत्तर व्याह्यांनी मला अजून दिलेलं नाही.

हे खूळ शिरलं कुठून, असं मी त्यांना एकदा सरळच विचारलं. तर म्हणाले, ‘काशीत.’ त्यांचा जन्म अकोटचा, घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागे. कापसाच्या हंगामात रुईचे तंतू हवेत असे उडायचे की अंगणात वाळत घातलेल्या धोतराला केस फुटायचे. तीच धूळ लहानपणी छातीत बसली ती कायमची. पुढे गुरुजी झाल्यावर एका यजमानाच्या वडिलांच्या अस्थी घेऊन ते काशीला गेले. नाव गंगेच्या मधोमध उभी होती, हे मंत्र म्हणत होते, आणि ऐन मंत्रात दम लागला. पंप धर्मशाळेत राहिलेला. ‘मले वाटलं, झालं,’ ते म्हणाले, ‘एकाच्या अस्थी टाकाले आलो अन् आता दोघाईच्या जातात. डोळे पांढरे झाले. अन् तेवढ्यात, वकीलसाहेब, अगदी कानापाशी आवाज आला. फूऽऽस. मले वाटलं माहाच श्वास मोकळा झाला. पाहतो तं पाण्यावर एक करडी पाठ, लांब चोच, अन् गेला बी खाली. अन् खरंच माही छाती सुटली.’

नावाड्यानं सांगितलं, हा सूंस. गंगेतला डॉल्फिन. डोळ्यांनी जवळजवळ आंधळा, आवाजावर वाट काढतो, आणि माशासारखा पाण्यात श्वास घेता येत नाही म्हणून सारखा वर येतो. जाळ्यात अडकला की वर येता येत नाही, आणि मरतो. एवढं सांगताना व्याह्यांचा नगाऱ्यासारखा आवाज एकदम खाली आला. ‘पाण्यातच राहनारा, अन् पाण्यातच गुदमरून मरते! हवा वर हाय, टोंगळाभर वर हाय, पण पोचता येत नाई. हे काय असते ते मले इचारा.’ आणि मग म्हणाले की संस्कृतात याला शिशुमार म्हणतात, जन्मभर हा शब्द घोकला, पण तो असा असतो आणि असा श्वास टाकतो हे त्या दिवशी कळलं. मी त्या वेळी काहीतरी थट्टा करणार होतो, ती केली नाही.

त्या दिवसापासून गंगेतल्या त्या एका सूंसाचं बोट धरून जगातले सगळे डॉल्फिन, सगळे पॉरपॉइज आणि सगळे लहान देवमासे गुरुजींच्या घरी राहायला आले. पोरानं मोबाइल घेऊन दिला तर इतर म्हातारे त्यावर सुप्रभात पाठवतात. हे जाळ्यांची माहिती वाचतात. कुठल्या देशात कोळ्यांच्या जाळ्याला शिट्टी मारणारं यंत्र बांधतात म्हणजे तो आवाज ऐकून पॉरपॉइज लांब राहतात, कुठे बोटींचा गोंगाट वाढला म्हणून डॉल्फिनची पिलं आयांपासून चुकतात, हे त्यांना आमच्या तहसीलदाराच्या बदलीच्या आधी कळतं. डॉल्फिन आणि पॉरपॉइज यांतला फरक तर त्यांनी आमच्या सगळ्या आप्तेष्टांना जेवणाच्या पंगतीत शिकवून ठेवला आहे. ताटातलं मिरचीचं भजं उचलून म्हणायचं, ‘हे डॉल्फिन. चोच असते.’ करंजी उचलून म्हणायचं, ‘अन् हे पॉरपॉइज. तोंड बोथट, दात फावड्यावानी.’ मग भजं खाऊन टाकायचं. मला करंजी फार आवडायची. आता दिवाळीत ती दाताखाली आली की उगाच अपराध्यासारखं वाटतं.

त्यांचा सर्वपित्रीचा कार्यक्रम एकदा मी डोळ्यांनी पाहिला. आई-वडील, आजे-पणजे, मामा-मावश्या सगळ्यांना तर्पण झालं आणि गुरुजी थांबले. पुन्हा दर्भ सारखे केले आणि चीनच्या एका नदीतल्या डॉल्फिनला तिळाचं पाणी दिलं. त्या नदीतले ते डॉल्फिन नाहीसेच झाले म्हणे, वंशाला एकही उरला नाही. ‘ज्याच्या मागं कोणीच नाई, त्याले कोणी तं पाणी द्यावं लागते ना,’ ते म्हणाले. मी वकील. मी लगेच तांत्रिक मुद्दा काढला. म्हटलं, ‘तर्पणाला गोत्र लागतं. चीनमधल्या डॉल्फिनचं गोत्र काय?’ त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असावा. ‘गोत्र मालूम नसलं म्हंजे काश्यप धरतात. येवढं बी नाई मालूम तुमाले?’ आणि ते खरंच आहे, गोत्र माहीत नसेल त्याचं काश्यप धरतात. यावर अपील करायला जागाच नव्हती. मेक्सिकोकडचे ते बारके पॉरपॉइज मात्र अजून आहेत, बोटांवर मोजण्याइतके, म्हणून त्यांना तर्पण नाही. त्यांच्यासाठी दर सोमवारी मृत्युंजयाचा जप असतो.

मोर्णेच्या पुलावर त्यांना सगळे ओळखतात. निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन कोणी कठड्यापाशी उभा राहिला की पलीकडून नगारा वाजतो, ‘अबे ओ! फुलं टाक, पिशवी नको टाकू! डॉल्फिनच्या पोटात जाईन!’ मोर्णेत तेव्हा जलकुंभी इतकी माजलेली असते की पाणी आहे हे विश्वासावर मानावं लागतं. माणूस खाली बघतो, हिरवंगार रान दिसतं, मग गुरुजींकडे बघतो, आणि कसलीही खात्री नसताना पिशवी खिशात घालून निघून जातो. बोळीतली पोट्टी त्यांना ‘डॉल्फिन महाराज’ म्हणतात. त्यांना ते आवडतं, पण आवडतं असं दाखवत नाहीत.

तान्ह्या पोळ्याची गोष्ट तर माझी कोर्टाच्या बाररूममध्येसुद्धा सांगून झाली आहे. मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरं लाकडाचे चाकावरचे बैल सजवून मिरवतात. आमचा नातू तेव्हा नुकता चालायला लागलेला. आजोबांनी ठरवलं, हा बैल नाही नेणार, डॉल्फिन नेणार. सुताराकडे गेले, मोबाइलमध्ये चित्र दाखवलं, चोच, पाठीवरचा पर, शेपटी, सगळं समजावून सांगितलं. सुतारानं मन लावून काम केलं. डॉल्फिन इतका हुबेहूब उतरला की गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. फक्त सुतार इमानदार माणूस, पोळ्याचं काम त्यानं अर्धवट ठेवलं नव्हतं. डोक्यावर दोन सुबक शिंगं होती. ‘शिंगं काहून लावले?’ गुरुजींनी विचारलं. सुतार म्हणाला, ‘मंग गुरुजी, शिंगाले बेगड कुठं लावान? बिना शिंगाचा पोळ्यात घेतात का?’ नातू तो शिंगवाला डॉल्फिन ओढत गेला, झूल घातलेला, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगूरमाळ, आणि पंचांनी त्याला उत्तम जोपासलेल्या जनावराचं बक्षीस दिलं. तो डॉल्फिन आता गुरुजींच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे आणि रोज त्याला एक फूल मिळतं.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. ते बिघडलं माझ्या घरच्या वास्तुशांतीला. अमरावतीला मी नवं घर बांधलं, आणि घरचा गुरुजी असताना बाहेरचा कशाला म्हणून व्याह्यांनाच बोलावलं. पाटावर मी आणि ही. माझ्या तळहातावर पाणी, अक्षता, सुपारी. गुरुजींचा संकल्प धडाधड चाललेला, आणि त्या गडगडाटात इतरांसारखाच मीही आदरानं काही न समजता मान हलवत बसलेला. ‘सकुटुंबस्य सपरिवारस्य’ येऊन गेलं. आणि एकदम मागून आवाज आला, ‘थांबा!’ हे माझे मेहुणे, हिचे थोरले भाऊ. जन्मभर संस्कृत शिकवून निवृत्त झालेले आणि आता मुलापाशी पुण्याला राहणारे. चष्मा कपाळावर चढवून ते उभे राहिले. ‘गुरुजी, आत्ता आपण काय म्हणालात? समस्तशिशुमाराणां निर्विघ्नश्वासोच्छ्वाससिद्ध्यर्थम्? हे कुठल्या पोथीत आहे?’

स्वयंपाकघरातली झाऱ्याची खडखडसुद्धा थांबली. माझ्या तळहातावरचं पाणी बोटांतून गळून राहिलं होतं. गुरुजी शांतपणे म्हणाले, ‘पोथीत नाई. माहं हाय.’ मेहुण्यांनी पाहुण्यांना अर्थ सांगितला, की जगातल्या सगळ्या डॉल्फिनांचा श्वासोच्छ्वास निर्विघ्न चालावा म्हणून ही वास्तुशांती होत आहे. ‘किती दिवस चाललंय हे?’ त्यांनी विचारलं. ‘काशीहून आलो तवापासून,’ गुरुजी म्हणाले, ‘हरेक पूजेत.’ मी मनातल्या मनात हिशेब केला. म्हणजे अकोल्यातल्या निम्म्या जुन्या शहरानं, अकोटच्या कितीतरी घरांनी, दुकानांच्या उद्घाटनांनी, बोअरवेलच्या पूजांनी, माझ्या स्वतःच्या लेकीच्या लग्नानं, हातात पाणी घेऊन डॉल्फिनच्या नाकपुडीसाठी संकल्प सोडला होता. मला हसू आलं. मग राग आला. मग ‘पाणी गळून राहिलं, सोडायचं का नाही ते सांगा!’ एवढंच मी ओरडलो.

बातमी गुरुजींच्या गाडीच्या आधी अकोल्याला पोचली. ज्याच्या पोरीचं लग्न जमत नव्हतं तो म्हणाला, आता कळलं कुठं अडलं होतं ते. ज्याची बोअर कोरडी गेली तो म्हणाला, पाणी सगळं समुद्राले पाठवलं की ह्या महाराजानं. दोन-तीन घरांनी ठरलेल्या पूजा दुसऱ्याकडे दिल्या. एका कापडवाल्या शेठनं मात्र सांगितलं की गुरुजींनी पूजा केल्यापासून दुकान जोरात आहे, तर मधे काही बदलू नये. शेवटी राममंदिराच्या सभामंडपात यजमान मंडळी बसली. मेहुणे मुद्दाम पुण्याचं तिकीट पुढे ढकलून आले, आणि मी गुरुजींचा वकील म्हणून गेलो, फी न घेता, जे माझ्या बाबतीत क्वचितच घडतं.

मेहुण्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. ‘संकल्प यजमानाचा असतो,’ ते म्हणाले, ‘त्याला न विचारता त्यात आपली इच्छा घुसवणं अशास्त्रीय आहे.’ मी उठून काही बोलणार तेवढ्यात गुरुजींनी माझा कोट खाली ओढला आणि स्वतःच उभे राहिले. ‘मास्तर, खरं हाय तुमचं. विचाराले पायजे होतं. पन मले सांगा, आपन सपरिवार म्हनतो, तो परिवार कुठवर धरायचा? आपल्या मंत्रात दोन पायाच्याचं भलं मागतलं, चार पायाच्याचं मागतलं. ज्याले पायच नाईत त्याचं कोन मागन?’ कोणीतरी मागून म्हणालं, ‘सापाले नागपंचमी हाय.’ ‘हाय ना,’ गुरुजी म्हणाले, ‘मासोळीले अवतार हाय. याले काय हाय? मासोळी नाई, जनावर नाई. पिलाले दूध पाजते, आपल्यावानी हवा घेते, अन् राहते पाण्यात. कोनाच्याच यादीत नाई बिचारा.’ इथे त्यांना दम लागला. पंप काढला आणि दोन झुरके घेतले.

निकाल दिला तो पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या काकूंनी. त्यांच्या घरी तीन पिढ्या गुरुजींच्याच घराण्याचं पौरोहित्य. त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, चांगलं हाय तं चोरून काहून म्हनता? मोठ्यानं म्हना. अन् आमाले समजन असं म्हना.’ झालं. तेव्हापासून गुरुजी संकल्पाचं संस्कृत पूर्ण करून थांबायचे आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं आपल्या वऱ्हाडीत म्हणायचे, ‘दोन पायाच्याचं भलं होवो. चार पायाच्याचं भलं होवो. अन् ज्याले पायच नाईत, जो पान्यात राहून हवेसाठी वर येते, त्याले श्वास मिळो.’ मग यजमान ताम्हणात पाणी सोडायचा. गेलेली घरं हळूहळू परत आली. मेहुणे मात्र पुण्याला जाताना फलाटावरसुद्धा मला म्हणाले, ‘अशास्त्रीय ते अशास्त्रीयच.’

पुढे पुढे गुरुजींचा दमा वाढत गेला. आधी अकोटच्या पूजा सुटल्या, मग अकोल्यातल्या जिना चढायच्या घरच्या. मरणाची भीती त्यांच्यात दिसली नाही, पण एक गोष्ट त्यांना खात होती. मुलगा, म्हणजे आमचा जावई, बँकेत; तो पौरोहित्य करणार नाही. नव्या पोरांना शिकवावं तर ती म्हणतात, आमच्या पाठात नाही. एकदा अंगणातल्या टाकीवर बसल्या बसल्या मला म्हणाले, ‘वकीलसाहेब, एक वाक्य मृत्युपत्रात देता येते का कोनाले?’ मी म्हटलं, ‘मिळकत सांगावी लागेल. स्थावर की जंगम?’ ते म्हणाले, ‘जलचर.’ आम्ही दोघंही खूप हसलो, इतकं की त्यांना पंप घ्यावा लागला. मग ते म्हणाले, ‘माह्या मागं हे कोन म्हनन हो? पाठच नाई कोनाले.’ मी घरी येऊन मृत्युपत्रांच्या कायद्याचं पुस्तक खरंच उघडून पाहिलं.

गेल्या हिवाळ्यात नातवाची मुंज झाली. डॉक्टरांनी गुरुजींना सक्त मनाई केली होती, ती त्यांनी ऐकून घेतली आणि पाटावर जाऊन बसले. म्हणाले, गायत्री मंत्र दुसऱ्या कोणाच्या तोंडून नातवाच्या कानात जाऊ देणार नाही. कार्यालय गच्च भरलेलं. मेहुणे पुण्याहून आलेले, पहिल्या खुर्चीवर, चष्मा कपाळावर. जावयाच्या तळहातावर पाणी. संस्कृत कसंबसं झालं, आणि गुरुजी मराठीवर आले. ‘दोन पायाच्याचं भलं होवो.’ श्वास. ‘चार पायाच्याचं भलं होवो.’ पुन्हा श्वास, लांब, शिट्टी वाजल्यासारखा. ‘अन् ज्याले पायच नाईत, जो पान्यात राहून हवेसाठी वर येते...’ आणि पुढे काही नाही. तोंड उघडं, छाती भात्यासारखी, हात कनवटीला. तिथे पंप नव्हता. नवा पीतांबर नेसायच्या गडबडीत तो खोलीत राहिला होता. माझी लेक धावली. बाकी सगळे जागच्या जागी. मला ते वाक्य झोपेतसुद्धा येतं, पण मी उगाच माझ्याच कोटाचे खिसे चाचपत होतो, जणू पंप तिथे सापडणार होता.

तेव्हा मेहुणे उठले. चष्मा डोळ्यांवर घेतला, हात जोडले, आणि पुण्यात इतकी वर्षं राहिलेला तो माणूस शुद्ध वऱ्हाडीत म्हणाला, ‘त्याले श्वास मिळो.’ पाठोपाठ त्या म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, ‘त्याले श्वास मिळो.’ मग बायका, मग कापडवाले शेठ, मग मागे वाढायला उभे असलेले आचारी, सगळं कार्यालय. सगळ्यांचे हात जोडलेले आणि सगळ्यांचे डोळे गुरुजींवर. त्या दिवशी ते वाक्य डॉल्फिनसाठी एकानंही म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगतो.

लेक पंप घेऊन आली. फूऽऽस. पुन्हा एकदा, फूऽऽस. रंग परत आला तसं गुरुजींनी पहिलं विचारलं ते जावयाला, ‘पानी सोडलं का?’ तो म्हणाला, ‘सोडलं, बाबा.’ मग उपरण्यानं डोळे पुसत त्यांनी मेहुण्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘मास्तर, हे अशास्त्रीय हाय बरं का.’ मेहुण्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. ते नुसते मान हलवत राहिले.

त्यानंतर गुरुजींनी पूजा सोडल्या. आता घरीच असतात, खिडकीपाशी, शेजारी ऑक्सिजनचं यंत्र. आवाजाचा नगारा गेला. सोमवारचा जप चालू आहे, मनातल्या मनात.

या हंगामाच्या सुरुवातीला अकोटला माझ्या एका पक्षकाराच्या जिनिंगमध्ये काटापूजन होतं. पहिल्या कापसाच्या गाडीआधी वजनकाट्याची पूजा करतात, ते. गुरुजी कोणी अगदी तरुण, मी कधी न पाहिलेला, मोटारसायकलवर आलेला आणि पुढच्या मुहूर्ताच्या घाईत. त्यानं भराभर संस्कृत उरकलं, आणि मग थांबला. आणि म्हणाला, ‘दोन पायाच्याचं भलं होवो, चार पायाच्याचं भलं होवो, अन् ज्याले पायच नाईत, जो हवेसाठी वर येते, त्याले श्वास मिळो.’ पाण्याचा उल्लेख घाईत गळला होता. कोणी दचकलं नाही. मालकानं पाणी सोडलं, कास्तकारांनी हात जोडले, नारळ फुटला. मी त्याला गाठून विचारलं, ‘हे शेवटचं कुठे शिकलात?’ तो मोटारसायकलला किक मारता मारता म्हणाला, ‘शिकायचं काय काका त्यात? हे तं असतेच. म्हनतातच आपल्याकडं.’ मी म्हटलं, ‘पण सुरू कोणी केलं?’ तो म्हणाला, ‘कोनाले मालूम. जुनंच असन,’ आणि गेला.

मी तिथूनच अकोल्याला फोन लावला. सगळं सांगितलं, अगदी ‘जुनंच असन’पर्यंत. मग गुरुजी हसायला लागले, हसता हसता दम लागला, आणि माझ्या कानापाशी अगदी जवळून आवाज आला, फूऽऽस. समोर रुई उडत होती, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर आत येत होते, आणि मी फाटकात मधेच उभा म्हणून लोक माझ्यावर ओरडत होते. मी हललो नाही. त्यांचा श्वास सरळ होईपर्यंत फोन तसाच कानाला लावून उभा राहिलो.